पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा



छंदवर्गाच्या कपाटात यंदा एक नवा खोका आला आहे. झाकणावर एका ओबडधोबड लोखंडी पेटीचे चित्र आहे आणि कोपऱ्यात १:३५ असे छापले आहे. तुमच्यापैकी काहींनी खोका हाताळून विचारले, "सर, यात रणगाडा कुठे आहे? वर फिरणारी तोफ नाही. हे तर पत्र्याचे घर दिसते!" निरीक्षण अगदी बरोबर आहे. हा जर्मनीचा पहिला रणगाडा, ए७व्ही. १९१८ साली तो लढाईत उतरला, तेव्हा रणगाडा कसा दिसावा हे जगात अजून ठरायचे होते.

आजचा पाठ या खोक्यावरच्या १:३५ या आकड्यांविषयी आहे. प्रमाण आणि समप्रमाण हा धडा आपण सातवीत शिकतो, गुणोत्तरे सोडवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण हे दोन आकडे नीट समजले, तर हातातल्या प्लॅस्टिकवरून खऱ्या वस्तूविषयी बरेच काही ओळखता येते. आणि मॉडेलवर कुठे विश्वास ठेवू नये, हेही कळते.

१:३५ म्हणजे मॉडेलवरचा १ सें.मी. खऱ्या वस्तूवर ३५ सें.मी. असतो. नकाशाच्या प्रमाणासारखेच हे प्रमाण, फक्त येथे उंचीही मोजायची. ए७व्ही सुमारे ७.३४ मीटर लांब, ३.१ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच होता. प्रत्येक मापाला ३५ ने भागा. लांबी २१ सें.मी., रुंदी ८.९ सें.मी. आणि उंची ९.४ सें.मी. येते. साधारण बुटाच्या लहान खोक्याएवढा आकार झाला.

तुम्ही विचाराल, की ३५ हाच आकडा का? ३० किंवा ५० का नको? त्याचे उत्तर गमतीचे आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचे विजेवर चालणारे मॉडेल काढले. मोटर आणि बॅटरीचे सेल आत बसतील एवढी रुंदी त्यांनी धरली. नंतर मोजून पाहिले, तर प्रमाण १:३५च्या आसपास भरले. पुढे इतर कंपन्यांनीही तेच उचलले आणि ते रूढ झाले. विमानांच्या मॉडेलमध्ये आढळणारे १:७२ मात्र हिशेबी आहे. तेथे १ इंच म्हणजे ६ फूट.

किट महाग असतात आणि कपाटातले एकच आहे. म्हणून ज्यांच्या वाट्याला ते येणार नाही त्यांनी जाड पुठ्ठ्याची, वरच्या मापाची पेटी करावी. या पाठातले बहुतेक प्रयोग त्या पेटीवरही होतात.

आता पहिला प्रयोग. १ मीटर ७० सें.मी. उंचीचा माणूस १:३५ प्रमाणात ४.९ सें.मी. होतो. कार्डशीटमधून अशी माणसे कापा. किती? अठरा. होय, या एका रणगाड्यात नियमाने अठरा जण बसत आणि कधी कधी त्याहून जास्त. एक अधिकारी, एक चालक, दोन मेकॅनिक (त्यांतला एक संदेशाचेही काम बघे), तोफेवर दोघे आणि सहा मशीनगनवर प्रत्येकी दोन याप्रमाणे बारा शिपाई. पेटीच्या तळाचे क्षेत्रफळ अठरांत वाटले, तर प्रत्येकाला सुमारे १० चौ. सें.मी. मिळतात, म्हणजे एखाद्या मोठ्या टपाल तिकिटाएवढी जागा. पण थांबा, अजून इंजिने ठेवायची आहेत. पेटीच्या मध्यभागी शंभर-शंभर अश्वशक्तीची दोन डेमलर इंजिने होती आणि त्यांच्यावरच्या उंच चौथऱ्यावर चालक व अधिकारी बसत. उरलेल्या सोळांनी इंजिनांच्या सभोवती, तापलेल्या हवेत, धुरात आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात जागा शोधायची. बहुतेक किटमध्ये आतला भाग पोकळ सोडलेला असतो, त्यामुळे बांधणाऱ्याला हे कधी जाणवतच नाही. कागदी माणसे कापण्याचा खटाटोप त्यासाठीच.

'मुलांच्या हाती युद्धाची खेळणी कशाला?' असे काही पालक विचारतात. प्रश्न योग्य आहे. माझ्या मते नुसते बाहेरून रंगवलेले मॉडेल खेळणे ठरू शकते. अठरा माणसे आत बसवून पाहिलेले मॉडेल तसे ठरत नाही.

दुसरा प्रयोग पेन्सिलीचा. कोणत्याही गाडीचा तळ आणि जमीन यांच्यात जी मोकळी जागा असते, ती महत्त्वाची. खेडेगावच्या रस्त्यावर मोटारीचा तळ दगडाला घासला, तर वडील काय म्हणतात ते आठवा. ए७व्हीच्या तळाखाली सर्वांत सखल जागी जेमतेम २० सें.मी. मोकळे होते. भागिले ३५ म्हणजे ५.७ मि.मी. आपली लिहिण्याची पेन्सिल सुमारे ७ मि.मी. जाड असते. म्हणजे या मॉडेलच्या वाटेत पेन्सिल आडवी टाकली, तर सखल भाग तिला अडतो. खऱ्या मापात ती पेन्सिल पंचवीस सें.मी.चा एखादा दगड किंवा झाडाचा बुंधा होईल. तोफगोळ्यांनी उखणलेल्या फ्रान्सच्या शेतांत अशा पेन्सिली पावलोपावली पडलेल्या होत्या.

मॉडेल बाजूने पाहा. लोखंडी पेटी पुढे आणि मागे पट्ट्यांच्याही बाहेर आलेली दिसेल. पट्टे म्हणजे चाकांवरून फिरणारी ती लोखंडी साखळी. अमेरिकेतल्या होल्ट कंपनीच्या ट्रॅक्टरचा सांगाडा नमुना म्हणून घेऊन अभियंता योसेफ फोल्मर यांनी हे वाहन रचले. शेतीचा ट्रॅक्टर सपाट रानात चालतो, खंदक ओलांडायला तो बनवलेला नसतो. ए७व्ही सुमारे दोन मीटर रुंदीचा खंदक कसाबसा पार करी. टेबलावर दोन जाड पुस्तके ५.७ सें.मी. अंतरावर ठेवा, तोच तो खंदक. मॉडेल हळूहळू पुढे सरकवा. फट किंचित वाढवली, की पेटीचे नाक समोरच्या पुस्तकाच्या कडेवर आदळते आणि मागे पट्टा आधार सोडतो. त्या काळच्या ब्रिटिश रणगाड्याचा आकार तिरप्या चौकोनासारखा, म्हणजे समभुज चौकोन दोन बाजूंनी दाबल्यासारखा होता. त्याचे पट्टे पूर्ण अंगाभोवती, डोक्यावरूनसुद्धा फिरत. दिसायला विचित्र, पण तीन मीटरहून रुंद खंदक तो ओलांडी. जर्मन गाडीचीही एक बाजू चांगली होती. तिच्या चाकांना स्प्रिंगा होत्या, ब्रिटिश गाडीला नव्हत्या. सपाट रस्त्यावर ती ताशी १५ कि.मी.पर्यंत जाई, पण लढाई रस्त्यावर होत नव्हती.

हे सारे पट्टीने मोजून कळते. आता ते प्रत्यक्षात कसे घडले ते पाहा. २४ एप्रिल १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील व्हिलेर-ब्रेतोनो या गावाजवळ जर्मनांनी तेरा ए७व्ही हल्ल्यात उतरवले. त्यांतला 'एल्फ्रीडे' नावाचा एक खड्ड्याच्या काठावर कलंडून आडवा झाला. 'मेफिस्टो' तोफगोळ्याच्या खड्ड्यात अडकला. 'निक्से'ची गाठ तीन ब्रिटिश मार्क-४ रणगाड्यांशी पडली. रणगाड्याने रणगाड्याशी लढण्याचा जगातला हा पहिला प्रसंग. ब्रिटिशांपैकी दोघांकडे फक्त मशीनगन होत्या. जाड पत्र्यावर गोळ्यांचा उपयोग होईना, उलट त्यांनाच मार बसला आणि ते मागे फिरले. तिसऱ्याकडे, फ्रँक मिचेल यांच्या रणगाड्याकडे, तोफा होत्या. धक्क्यांमुळे नेम चुकत होता, म्हणून गाडी उभी करून तोफ डागली आणि लागोपाठ तीन गोळे निक्सेला लागले. आतली पाच माणसे मेली, बाकीची बाहेर पडून पळाली. लक्षात घ्या, दोन्हीकडच्या तोफेच्या नळीचा व्यास सारखाच, ५७ मि.मी. होता. १:३५ मध्ये तो दीड मि.मी.हून थोडा जास्त भरतो. त्या भोकात पेन्सिलीचे शिससुद्धा जेमतेम जाईल.

आता पाठाचा अवघड भाग. ए७व्हीचे वजन सुमारे ३० टन, म्हणजे ३०,००० किलो. हेच मॉडेल हुबेहूब पोलादाचे, आतल्या इंजिनासकट केले तर वजन किती भरेल? वर्गात विचारले, की निम्मे हात वर होतात आणि उत्तर येते, 'भागिले ३५, म्हणजे ८५७ किलो!' बुटाच्या खोक्याएवढी वस्तू ८५७ किलो? मग ती उचलायला क्रेन लागेल. चूक कुठे झाली ते पाहू या.

एक सें.मी. बाजूचा ठोकळा घ्या. त्याच्या दुप्पट बाजूचा ठोकळा करायला असे किती ठोकळे लागतात? दोन नव्हे, आठ. दोन लांबीत, दोन रुंदीत, दोन उंचीत. तसेच येथे लांबीत ३५, रुंदीत ३५ आणि उंचीतही ३५. म्हणून घनफळ ३५ × ३५ × ३५ = ४२,८७५ पटींनी कमी होते आणि वजनही त्याच पटीत. ३०,००० किलो भागिले ४२,८७५ म्हणजे ०.७ किलो, अर्थात ७०० ग्रॅम. पोलादाचे मॉडेलसुद्धा एका हातात मावेल. प्लॅस्टिकचे पोकळ मॉडेल तर याहून पुष्कळ हलके. प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवून पाहा.

पृष्ठभागाचे गणित वेगळे. त्यात दोनच मापे येतात, म्हणून क्षेत्रफळ ३५ × ३५ = १,२२५ पटींनी कमी होते. मग जमिनीवरचा दाब? दाब म्हणजे वजन भागिले टेकलेले क्षेत्रफळ. वजन ४२,८७५ पटींनी घटले, पट्ट्यांचे क्षेत्रफळ १,२२५ पटींनीच घटले. भागाकार ३५. म्हणजे हुबेहूब पोलादी मॉडेलसुद्धा जमिनीला खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शानेच दाबते. शाळेच्या मैदानावरच्या पावसाळी चिखलात मॉडेल ठेवले, तर ते ऐटीत उभे राहील. खरा रणगाडा तेथेच रुतून बसेल. लांबी, रुंदी, उंची या बाबतींत मॉडेल खरे बोलते. वजन, ताकद आणि चिखल यांविषयी ते चक्क खोटे बोलते.

गॅलिलिओने १६३८च्या आपल्या ग्रंथात हेच हाडांच्या बाबतीत सांगितले आहे. प्राणी आकाराने वाढत जातो तसे त्याचे हाड केवळ त्याच प्रमाणात जाड होऊन भागत नाही, त्याहून जाड व्हावे लागते. हत्तीचे पाय हरणासारखे नसतात ते याच कारणाने.

खुद्द ए७व्ही बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. मे १९१७ मध्ये त्यांनी माइन्झ येथे या रणगाड्याची लाकडी प्रतिकृती लष्करी अधिकाऱ्यांना चालवून दाखवली. ती पूर्ण मापाची होती, पण लाकूड हलके. मग पोलादी पत्र्यांच्या वजनाची भरपाई म्हणून तिच्यात दहा टन वजन लादले. आकार बरोबर असून भागत नाही, भारही बरोबर हवा, हे त्यांनी जाणले होते. तरीही पुढे गाडी खंदकात अडकलीच, कारण चूक भारापेक्षा आकारातच होती. शंभर सांगाडे मागवले होते, लढाऊ रणगाडे मात्र वीसच तयार झाले. शेवटी जर्मनांकडे स्वतःच्या गाड्यांपेक्षा ब्रिटिशांकडून पकडलेल्या गाड्याच जास्त होत्या!

किट जोडायला बसाल तेव्हा आणखी एक खोटेपणा शोधा. समोरचा पोलादी पत्रा ३० मि.मी. जाड होता, बाजूचा १५ मि.मी. पस्तिसाने भागले तर ०.८६ आणि ०.४३ मि.मी. येते. बाजूचा पत्रा म्हणजे जाडसर कार्डशीट झाले. किटमधला प्लॅस्टिकचा पत्रा मात्र सहसा १ मि.मी. किंवा त्याहून जाड असतो. व्हर्निअर कॅलिपरने मोजून खात्री करा. १ मि.मी. म्हणजे खऱ्या मापात ३५ मि.मी. याचा अर्थ प्लॅस्टिकचा रणगाडा पोलादीपेक्षा 'जाड' निघाला. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक फार पातळ असेल तर वाकते किंवा तुटते, म्हणून कारखानदार असे करतात. जेथे पत्र्याची कड दिसते, उदाहरणार्थ मशीनगनच्या झडपेपाशी, तेथे अनुभवी मंडळी आतल्या बाजूने कानस मारून कड पातळ करतात. बाहेरून पाहणाऱ्याला पत्रा योग्य जाडीचा वाटतो.

जोडणीविषयी थोडेच सांगतो, बाकीचे वर्गात. भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. ते पिरगाळून तोडू नका. बारीक कटरने चौकटीपासून थोडे दूर कापा आणि उरलेला ठिपका काचकागदाने घासा. मॉडेलसाठी मिळणारे सिमेंट डिंकासारखे दोन वस्तूंच्या मध्ये बसत नाही. ते पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की सलग प्लॅस्टिक उरते. एक प्रकारची वेल्डिंगच ती. म्हणूनच सिमेंट थेंबभरच लावायचे, जास्त लावले तर रिव्हेटसुद्धा वितळून सपाट होतात. खिडकी उघडी हवी, आणि पाते मोठ्यांच्या देखत वापरायचे, यात सवलत नाही.

रंगाबाबत वाद घालायला भरपूर वाव आहे. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल आहेत, त्यामुळे करड्या छटांवरून हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला हे तज्ज्ञांना अंदाजाने ठरवावे लागते. एक गोष्ट मात्र निश्चित. या रणगाड्यावर जर्मन सैन्याचा काळा क्रॉस असे, स्वस्तिकाचे नाझी चिन्ह नव्हे. नाझी पक्षाने ते चिन्ह १९२० साली घेतले, तेव्हा ए७व्हीचे युद्ध संपून दोन वर्षे होत आली होती. उत्साहाच्या भरात तुमच्या संग्रहातल्या दुसऱ्या किटमधले स्टिकर येथे लावू नका. १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्यास मनाई झाली. १९३०च्या दशकात त्यांनी नवा छोटा रणगाडा बनवायला घेतला तो 'शेतकी ट्रॅक्टर' या नावाखाली. पहिला रणगाडा ट्रॅक्टरच्या सांगाड्यावरून निघाला आणि पुढचा ट्रॅक्टरच्या नावाआड लपला.

वीसपैकी आज एकच खरा ए७व्ही उरला आहे, तोच खड्ड्यात अडकलेला मेफिस्टो. जुलै १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी तो ओढून आपल्या हद्दीत आणला. त्या पलटणीत क्वीन्सलँड प्रांताचे लोक बरेच होते. १९१९ साली तो जहाजाने ब्रिस्बेनला पोचला. २०११च्या पुरात वस्तुसंग्रहालयात पाणी शिरून त्याचे नुकसान झाले, मग बरीच वर्षे दुरुस्ती-जतनाचे काम चालले आणि २०१८ मध्ये तो पुन्हा क्वीन्सलँड संग्रहालयात मांडला गेला. त्याच्या अंगावर ब्रिटिश रणगाडा काखोटीला मारून पळणारा लाल सैतान रंगवलेला आहे. जर्मनीत मुन्स्टर येथील रणगाडा संग्रहालयातला ए७व्ही ही मेफिस्टोची मापे घेऊन नंतर बनवलेली प्रतिकृती आहे. आपल्या भाषेत, १:१ प्रमाणाचे मॉडेल.

बेळगावकरांना लष्कर नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच गावात आहे. पण खरे रणगाडे जवळून पाहायचे, तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जावे. तेथे १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. ए७व्ही तेथे नाही, परंतु जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे आणि पाकिस्तानकडून पकडलेला पॅटनही आहे. सहलीला गेलात तर खिशात मोजपट्टी ठेवा. पॅटनसमोर उभे राहून आधी त्याचा तळ जमिनीपासून किती वर आहे ते बघा, फोटो नंतर काढा.

पुढच्या तासाला एक हिशेब करून आणा. हाच ए७व्ही १:७२ प्रमाणात, हुबेहूब पोलादाचा केला, तर त्याचे वजन किती भरेल? लांबी निम्मी होते म्हणून वजन निम्मे, असे लिहून आणू नका. ७२चा घन आधी काढा. उत्तर ८० ग्रॅमच्या आसपास आले, तर वहीत तपासणीची खूण तुमची तुम्हीच करा.